ओल्या मातीतलं पाऊल

व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या पायथ्याशी एर्सिलियाच्या स्वयंपाकघरात भाजक्या मातीची एक फरशी रोमन काळातली होती. आजोबांना ती द्राक्षमळ्यात सापडली आणि त्यांनी ती चुन्यात पक्की बसवली. माती ओली असताना कुणा लेकरानं तिच्यावर पाय दिला होता. इवलंसं पाऊल, बोटं चुलीकडे.

दरवर्षी मृतांच्या रात्री, गेलेली माणसं घरी येतात म्हणून, गावात सगळेच टेबलावर पाव आणि पाणी ठेवत. एर्सिलिया त्या पावलाशेजारी पेलाभर दूधही ठेवी. सकाळी पेला रिकामा असे. मांजर प्यायलं असेल, म्हणत सगळे.

आज लेक नुन्झिया तिला कायमची नेपल्सला न्यायला आली होती.

"ह्याला एकटं कसं टाकू गं?"

"अगं आई, दोन हजार वर्षं तुझ्यावाचून अडलं का त्याचं? चल, गाडी सुटेल!"

एर्सिलियानं एकदा शेवटची जमीन पुसली. बाळाच्या टाळूवरून फिरवावा तसा त्या पावलावरून हात फिरवला. वळून शाल घेतली आणि निरोप घ्यायला पुन्हा खाली पाहिलं.

बोटं दाराकडे होती.

"आई, दार उघडं धरून कुणाची वाट बघतेस?" नुन्झिया अंगणातून ओरडली.

"थांब गं जरा," एर्सिलिया म्हणाली. "त्याची पावलं लहान आहेत."