साहेब उठेपर्यंत

"नुसतं जिमला जाऊन भागत नाही, जोडीला योग हवाच. शरीर कसं लवचीक राहतं!" योगदिनाला आलेले आमदारसाहेब सतरंजीवर मांडी घालून तासभर हेच सांगत होते. आम्ही तालुक्यातले सगळे मास्तर समोर मैदानात, उन्हात, तशीच मांडी घालून ऐकत होतो.

भाषण संपलं. साहेबांनी उठायला एक हात टेकला, मग दुसरा टेकला. मांडी सुटेचना.

साहेबांच्या आधी उठायची आमच्यात कुणाची छाती? तरी मागे खुसखुस झालीच, तसा आमच्या घोलप सरांनी माइक ओढला. "साहेब ध्यानात गेलेत! कुणीही हलू नये!"

साहेबांनी घाईघाईने डोळे मिटले. मग आम्हीही मिटले. घाम पाठीवरून ओघळत होता आणि फोटोग्राफर आमची शांती टिपत होता.

शेवटी दोन कार्यकर्त्यांनी काखेत हात घालून साहेबांना उचललं आणि गाडीत बसवलं. "आता उठा," घोलप सर म्हणाले. पण पाय इतके बधिर झाले होते की एकालाही उठता येईना.

गाडीची काच खाली आली. साहेब आमच्याकडे बघून हळहळले, "अरेरे! व्यायाम म्हणून नाही या मास्तर लोकांना!"