शेवटचा हात

कात्र्यांच्या कारखान्यात धार लावणाऱ्या काकांच्या टेबलासमोर साहेबांनी कॅमेरा लावला, तेव्हाच काकांच्या मनात पाल चुकचुकली.

"काका, तुमच्याच सुरक्षेसाठी आहे हो," साहेब म्हणाले.

"तीस वर्षांत एकदा बोट कापलं नाही. आताच बरी काळजी वाटायला लागली," काका पुटपुटले.

खरी धार चढायची ती दगडावर शेवटचा हात फिरवताना. तेवढी वेळ आली की काका कॅमेऱ्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करायचे. ताकास तूर लागू द्यायची नाही, हे पक्कं ठरलं होतं.

"अहो, त्या निर्जीव डबड्यापासून काय लपवता?" घरी बायको हसायची.

वर्षभराने शेजारच्या टेबलाशी दोन हातांचं यंत्र उभं राहिलं. "तुम्हाला बघून बघूनच शिकलंय," साहेब कौतुकाने म्हणाले. काका मिशीत हसले आणि त्याची फजिती बघायला अगदी समोर जाऊन थांबले.

यंत्राने पातं दगडावर घासलं, हुबेहूब त्यांच्यासारखं. शेवटचा हात तेवढा राहिला होता. यंत्र थबकलं, सावकाश वळलं आणि त्याने काकांकडे पाठ करून भिंतीकडे तोंड केलं.