पुष्पलताची जागा

“जवळ सरकू नका गं. पुष्पलताची जागा तशीच राहू द्या,” पिंपळापुरेबाई हळूच म्हणाल्या आणि पेटीशी जाऊन बसल्या. समूहगान स्पर्धेचा पडदा आता वर जाणार होता. निळ्या काठाच्या पांढऱ्या साड्या नेसून मुली दोन रांगांत उभ्या होत्या, आणि पुढच्या रांगेत मधोमध एका माणसाएवढी फट होती. फटीच्या एका बाजूला शामला, दुसऱ्या बाजूला पंचफुला. शामला त्या फटीकडे बघत होती. पुष्पलताचं तेरावंही झालं नव्हतं, आणि आपण इथं पावडर लावून उभ्या!

सगळी भीती शेवटच्या ‘सा’ची होती. गाणं संपताना तो सूर इतका लांबवायचा की ऐकणाऱ्यालाच दम लागावा. एका छातीचं ते कामच नव्हे. म्हणून बाईंनी जोड्या लावल्या होत्या. एकीनं श्वास घेतला की दुसरीनं सूर धरून ठेवायचा, मग तिनं घ्यायचा. शाळा सुटल्यावर, भुकेल्या पोटी, वर्षभर त्यांनी हेच घोटलं होतं. “जोडीदारणीचा श्वास मला ऐकू आला, तर दोघींनाही बाहेर काढीन,” बाई बजावायच्या. कान तरी केवढा तिखट! मागच्या रांगेत कुणी आवंढा गिळला तरी पेटी थांबायची. मुली मग एकमेकींचे श्वास ओळखायला शिकल्या. कुणाला सर्दी होणार, हे तिच्या आईच्या आधी रांगेला कळायचं.

शामलाची जोडी पुष्पलताशी. पुष्पलता विणकराची पोर, गोळीबार चौकाकडच्या कोष्टी वस्तीतली. शाळेतून गेली की मागाशेजारी बसून बापासाठी सुताच्या कांड्या भरायची. त्या घरात सुताची धूळ सगळ्यांच्याच नाकातोंडात जायची आणि सगळेच खोकायचे. तिच्या एकटीच्या खोकल्याकडे कोण बघतो! पण पावसाळा सरता सरता शामलाला ऐकू आलं. पुष्पलता ठरल्या जागेच्या आधीच श्वास घेत होती. मग दोनदा घ्यायला लागली. मग तिच्या वाट्याचा सूर येईनासाच झाला, नुसते ओठ हलायचे. एक दिवस शामलानं तिला शाळेच्या नळावर गाठलं.

“तुले काय होऊन राहिलं वं? बाईले सांगू काय?”

“सांगशील तर तुले माह्या आईची आन हाय,” पुष्पलता भिंत धरून म्हणाली. “बाई काढून टाकतीन मले. मंग घर आन कांड्या, कांड्या आन घर. स्पर्धा होऊ दे ना वं. मंग मीच सांगतो.”

शामलानं नाही सांगितलं. मैत्रीण कशाला म्हणायची मग! ती दोघींचं गाऊ लागली. पुष्पलतानं सूर धरायचा त्या जागीही ही श्वास न घेता रेटायची, डोळ्यांपुढे काजवे चमकेपर्यंत. दिवाळीनंतर बाईंनी मागच्या रांगेतल्या पंचफुलाला पुढं आणून पुष्पलताच्या पलीकडे उभं केलं. पुढची रांग भरून दिसत नाही, म्हणाल्या. पंचफुलाचा आवाज सगळ्यांत दणकट. शामलाला हायसं वाटलं. आता झाकून जाईल, तिला वाटलं.

संक्रांतीच्या सुमारास पुष्पलता मागाशीच कोसळली. मेडिकलला, मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं, पण ती वाचली नाही. क्षयावर आता औषधं आहेत, दिवाळीच्या आधी आणली असती तर पोर हातची गेली नसती, असं डॉक्टर म्हणाले. घरी भेटायला गेलेल्या मुलींना पाहून तिची आई रुख्माबाई रडलीसुद्धा नाही. एवढंच म्हणाली, “तुम्ही त रोज तिच्यासंगं गात होत्या. कोणालेच कसं समजलं नाही वं, पोरीहो?” सगळ्या खाली बघत उभ्या राहिल्या. शामलाला वाटलं, धरणी दुभंगेल तर बरं. तिला समजलं होतं. तिला एकटीलाच समजलं होतं.

पडदा वर गेला. गाणं सुरू झालं, रंगलं आणि शेवटच्या ‘सा’वर आलं. पुष्पलताची जागा आली. शामला नेहमीसारखी रेटायला गेली आणि तिचा गळाच मिटला. काही केल्या आवाज फुटेना. आता भोक पडणार, साऱ्या रंगमंदिराला कळणार! तिनं डोळे घट्ट मिटून घेतले.

भोक पडलंच नाही. सूर होता तसाच भरून उभा राहिला. तिनं डोळे उघडले. फटीपलीकडून पंचफुला आपली श्वासाची जागा ओलांडून रेटत होती. मागून कौशल्या रेटत होती, तिच्या शेजारी प्रेमिला रेटत होती. कुणी दचकलं नाही, कुणी गडबडलं नाही. त्या जागी किती आणि कसं गायचं, ते सगळ्यांना पाठ होतं. एका दिवसात अशी सवय होत नाही.

ढाल त्यांनाच मिळाली. पडद्यामागे बाकड्यावर ती पडून होती, कुणी हात लावेना. पंचफुला एकदम हुंदका देऊन खाली बसली.

“मले तिनं आईची आन घातली होती वं!”

“मलेबी,” कौशल्या म्हणाली.

प्रेमिलानं पदर तोंडात कोंबला होता. तिनं नुसती होकाराची मान हलवली.

शामला बाईंकडे वळली. एरवी बाईंपुढं तिची जीभ वळायची नाही.

“बाई, तुमाले त सारंच ऐकू येते. पंचफुलाले तिच्या बाजूले काहून आणलं होतं जी?”

बाई पेटीचा भाता बंद करत होत्या. कडी काही केल्या बसत नव्हती.

“मला वाटलं,” त्या म्हणाल्या, “स्पर्धा झाली की सांगू.”