शंभर पाण्यांचं तूप

"सत्त्याऐंशी," म्हणत मुक्ताबाईंनी तांब्याच्या परातीतलं पाणी मोरीत ओतलं आणि शाळूचा एक दाणा डावीकडच्या ढिगातून उजवीकडं सारला. सकाळपासून त्या तळहातानं तूप पाण्यात फेटत होत्या. तूप लोण्यासारखं पांढरंशिप्पट झालं होतं. भाजल्या कातडीला शंभर पाण्यांनी धुतलेलं तूपच लागू पडतं, हे त्यांच्या आईचं सांगणं.

तीन वर्षांच्या सईनं उजवीकडच्या ढिगातले दोन दाणे उचलून तोंडात टाकले.

"खा, खा! आज्जीचं मनगट मोडू दे. आता दोन पाणी जास्ती."

त्यांची सून अक्षता कॉटवर भिंतीला टेकून बघत होती. अंगात नवऱ्याचा, कपिलचा, जुना सुती सदरा. तोही उलटा घातलेला, शिवण कातडीला घासू नये म्हणून. उजवा हात तिनं अंगापासून लांब धरला होता, कोंबडीनं एक पंख उचलून धरावा तसा.

समोर कपाटाच्या दारावर नर्सनं दिलेला कागद चिकटवला होता. तेल नको, पावडर नको, हळद नको. साबण नको. टॉवेलनं घासू नका, नुसतं टिपा. आणि खाली दोनदा अधोरेखित केलेलं: छातीवरच्या जांभळ्या रेघा पुसू देऊ नका. त्या रेघांवरूनच मशीन नेम धरायचं. बी.एस्सी. झालेल्या अक्षतानं तो कागद सोळा दिवस अक्षरन् अक्षर पाळला. सासूची हळद परतवली, कोरफड परतवली, करंजाच्या तेलाची वाटी तर उंबऱ्यावरूनच माघारी गेली.

"कागदाला इचारून आग हुती व्हय गं कातडीची?" मुक्ताबाई म्हणायच्या, आणि वाटी घेऊन परत फिरायच्या.

सईलाही तिनं बजावलं होतं. "रेघा आहेत तोवर मम्मीला चिकटायचं नाही." तेव्हापासून सई रोज सकाळी दारात उभी राहून विचारायची, "गेल्या रेघा?" नाही म्हटलं की तिथूनच परत.

काल सांगलीला डॉक्टरांनी पोटाचा रिपोर्ट दोनदा वाचला. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"लिव्हरमध्ये पसरलंय, अक्षता. हे रेडिएशनचे शेक आता थांबवू या. त्यांचा उपयोग नाही."

"मग काय करायचं?"

"गोळ्या देतो. दुखणार नाही एवढं बघू."

कपिल तेव्हा खाली औषधांच्या रांगेत होता. तिनं रिपोर्ट फायलीत सगळ्यात तळाशी घातला. गाडीत बसल्यावर म्हणाली, "मशीन बंद पडलंय. दोन दिवस यायचं नाही." कपिल म्हणाला, "बरं झालं, तेवढीच तुला विश्रांती," आणि आज सकाळी निवांत उसाच्या तोडीवर गेला. घरादारानं ते खरं मानलं.

शंभरावा दाणा सारून मुक्ताबाई परात घेऊन कॉटवर येऊन बसल्या.

"मशीन बंद, तर आजच्या दिस कागूद बी बंद. काढ सदरा."

अक्षतानं कागदाकडं पाहिलं. मग डाव्या हातानं बटणं सोडली.

मुक्ताबाईंनी तिथं पहिल्यांदाच भर उजेडात पाहिलं. "वांगं भाजल्यागत झालंय की गं," एवढंच म्हणाल्या. त्यांची चार बोटं तुपात बुडाली आणि त्या सपाट, काळ्या पडलेल्या जागेवर टेकली.

गार वाटलं. ऑपरेशन झाल्यापासून तिथं फक्त रबरी हातमोजे लागले होते. कपिल तर चुकून धक्का लागेल म्हणून भिंतीकडं तोंड करून झोपायचा. अक्षतानं डोळे मिटले. बोटं बगलेकडं सरकली, साल निघालेल्या जागेपाशी हलकी झाली, परत वळली.

मग एकदम थांबली.

"अगं बया!" मुक्ताबाईंचा तळवा जांभळा झाला होता. "पुसल्या की गं रेघा! आता त्यो डॉक्टर... सई, पळ, तुझं रंगाचं पेन आण! जशा व्हत्या तशा काढू. मला ध्येनात हाय, हितनं अशी, मग खाली..." त्यांचं बोट हवेतच रेघ ओढत राहिलं.

"राहू द्या आत्या. आता नाही लागत त्या."

"म्हंजी? पंचवीस शेक म्हणत व्हते न्हवं?"

"डॉक्टर म्हणाले, आता बास."

 तुपानं माखलेले दोन्ही हात मुक्ताबाईंनी कपाळाला लावले. "सागरेश्वरा, पावलास रं बाबा!" कपाळावर जांभळा पट्टा उमटला. "आणि ही बया सकाळधरनं गुमान बसलीया! कपिलला फोन तरी केलास का?"

"संध्याकाळी सांगते."

सई पेन घेऊन आली होती. मुक्ताबाईंनी तिला उचलून कॉटवर ठेवलं. "पेन ऱ्हाऊ दे गं. बघ, गेल्या रेघा."

सईला एकदम खरं वाटलं नाही. तिनं जवळ जाऊन नीट पाहिलं. रेघ जिथून जायची तिथून एक बोट फिरवलं. मग आईच्या मांडीवर चढली आणि साल निघालेल्या जागेवरच गाल टेकून पडून राहिली.

अक्षतानं दातांवर दात धरले.

"दुखतंय मम्मी?"

"नाही."

मुक्ताबाई खाली बसून परातीतलं उरलेलं तूप निपटून स्टीलच्या डब्यात भरत होत्या.

"ठिवून देते फडताळात," त्या म्हणाल्या. "वरीसभर इटत न्हाई ह्ये."