उताऱ्यातला माणूस

परदेशात नर्स व्हायचं म्हणून अक्षता जालन्यात इंग्रजी परीक्षेच्या क्लासला जायची. त्या दुपारी तिचे वडील सर्जेराव लोखंडाच्या मिलमधून तसेच काळ्या कपड्यांनी क्लासच्या दारात आले.

"अक्षू, डबा इसरून आल्तीस. जल्दी खा, गार हून राह्यला."

"कोण गं?" शेजारच्या प्रीतीनं विचारलं.

"आमच्या गावचे आहेत."

सर्जेरावांनी ते ऐकलं. त्यांनी डबा बाकावर ठेवला आणि मोटारसायकलवर बसून निघून गेले.

मान वर करायची लाज वाटली म्हणून अक्षतानं सरावाचं पुस्तक उघडलं. इंग्रजी उताऱ्यात एक माणूस मुलीचा डबा घेऊन क्लासच्या दारात आला होता. मुलगी सगळ्यांना सांगत होती, गावचे आहेत. अक्षताचे कान तापले. तिनं प्रीतीच्या पुस्तकात डोकावून पाहिलं. पान तेच होतं, उतारा मात्र मधमाश्यांवर होता.

खाली विधानं होती. प्रत्येकापुढे बरोबर, चूक किंवा उताऱ्यात माहिती नाही, यातलं एक लिहायचं होतं.

पहिलं होतं, 'तो माणूस तिचा बाप होता.' प्रीती बघतेय असं वाटून तिनं घाईनं 'चूक' लिहिलं.

दुसरं होतं, 'त्या दिवशी तो माणूस घरी पोचला.'

तिनं उतारा बोट ठेवून पुन्हा वाचला. मग पहिलं उत्तर खोडून 'बरोबर' लिहिलं आणि परत शेवटच्या ओळीत तो घरी पोचल्याचं शोधलं.

मोटारसायकल फाट्याकडे वळली, एवढंच तिथं होतं.