संजीवन मणी

"आई, त्याला सांग, जाताना वायफायला हात लावू नको म्हणावं. आज माझी शेवटची लढाई हाय," अनुजा म्हणाली.

'त्याला' म्हणजे धाकट्या भावाला, आदर्शला. तो उंबऱ्यात बसून बूट घालत होता.

"तिला सांग, मी ओव्हरटाइमला निघालोय. घरात थांबतंय कोण?"

"मला काय टपालपेटी समजलाय व्हय रं?" बनाबाई कडाडल्या. "अकरा म्हैनं झालं. सख्खी भावंडं तुम्ही, बोला की एकमेकांशी!"

आदर्शनं सॅक पाठीला अडकवली आणि गाडीला किक मारून तो शिरोलीच्या रस्त्याला लागला. हल्ली रविवारीसुद्धा तो उचगावात थांबत नसे. कारखान्यातल्या भट्टीपुढं उभं राहून त्याचे डोळे कायम लाल. अनुजाला त्याचं काही वाटत नव्हतं. भोग म्हणावं आता!

डिप्लोमात नापास झाल्याचं आदर्शनं लपवलं होतं आणि अनुजानं ते आईला सांगून टाकलं. त्या रागात त्यानं तिच्या ऑनलाइन खेळाच्या खात्यात शिरून तिची रणदुर्गाच पुसून टाकली. पासवर्ड त्या दोघांनाच माहीत होता. सहा वर्षं खपून, एकेक चिलखत मिळवून घडवलेलं कॅरेक्टर! अनुजा दोन दिवस जेवली नव्हती.

पुसलेलं कॅरेक्टर परत जिवंत करायचा त्या खेळात एकच उपाय होता, संजीवन मणी. त्या मोहिमेवर जगभरातले हजारो लोक निघत. मणी मात्र वर्षाला एकच, जो आधी पोचेल त्याचा. अनुजानं नवं खातं उघडलं, नवं कॅरेक्टर घेतलं, नाव ठेवलं चिमणी आणि शून्यापासून सुरुवात केली.

काय काय केलं तिनं! चारशे साप मारून विष गोळा केलं, तेव्हा कळलं की ते फक्त अमावास्येला चालतं. मग अमावास्येची वाट बघितली. रक्त तपासायच्या लॅबमध्ये दिवसभर उभं राहायचं आणि घरी आलं की खेळातले घाट चढायचे. लॅबमधला वसीम तिच्या जोडीनं खेळायचा. तोही कंटाळला.

"सोड की आता. दुसरी बनव रणदुर्गा."

"दुसरी नको. माझीच पायजे."

सातव्या घाटापासून एक जण सतत तिच्या पुढं होता, शॅडोकिंग. प्रत्येक दरवाजावर तिच्या आधी त्याचं नाव.

"कोरियाचा असंल कुणीतरी," वसीम म्हणाला.

शेवटी अनुजानं मान खाली घालून त्याला इंग्रजीत निरोप धाडला. माझ्या भावानं माझं कॅरेक्टर मारलंय, मला ते परत आणायचंय, एवढा एक मणी मला घेऊ दे. शॅडोकिंगनं निरोप वाचला, उत्तर दिलं नाही आणि त्या दिवसापासून तो दुप्पट जोरानं धावायला लागला.

"किती नालायक असावं माणसानं!" अनुजा म्हणाली. आता तर माघार घ्यायचीच नाही, हे तिनं पक्कं केलं.

आज शेवटचा राक्षस होता. चिमणी तळ्याकाठी पोचली, तर राक्षस आधीच मरून पडलेला. शॅडोकिंग मणी ठेवलेल्या वेदीच्या पायऱ्या चढत होता. अनुजानं चिमणीला जीव खाऊन पळवलं. तीस पावलं राहिली, वीस, दहा.

पडद्यावर अक्षरं उमटली. 'संजीवन मणी शॅडोकिंगला मिळाला आहे. पुढची मोहीम पुढच्या वर्षी.'

अनुजा टेबलावर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. बनाबाई पदराला हात पुसत धावत आल्या आणि काही न कळताच तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

थोड्या वेळानं तिनं नाक पुसलं आणि वसीमला फोन लावला.

"पुढच्या वर्षी परत. आजपासनं सुरू."

"येडी हायस तू," वसीम म्हणाला. "बरं, येतो."

राग थंड पडू नये म्हणून तिनं जुनं खातं उघडलं. रणदुर्गेची रिकामी जागा बघितली की तिला जोर चढायचा. पासवर्ड तोच होता. रिकाम्या घराचं कुलूप कोण बदलतंय?

जागा रिकामी नव्हती. रणदुर्गा उभी होती, सगळ्या चिलखतांसकट. खाली एक ओळ होती.

'ताई, चुकलं माझं. शॅडोकिंग.'