लाकडाचा आवाज

कूलर बंद पडला आणि गोदाम एकदम गप्प झालं. लाईट गेली होती. मे महिन्याची दुपार, वर पत्रे, आणि नागपूरच्या कळमना बाजारातलं हे गोदाम पूर्वी मिरचीचं. घाम आला की अजूनही डोळे चुरचुरायचे. जयवंतानं दोऱ्याला मेण लावता लावता पदरानं डोळे पुसले आणि नवऱ्याकडे पाहिलं.

गिरिधरला लाईट गेल्याचं कळलंच नव्हतं. तो विमानाच्या उघड्या उजव्या पंखाशी वाकून उभा होता.

दोन माणसांचं, कापडी पंखांचं हे जुनं विमान नानाजींनी लिलावात भंगार म्हणून उचललं होतं. नानाजी फ्लाइंग क्लबात विमान चालवायला शिकवायचे, गिरिधर तिथलाच मेकॅनिक. क्लब बंद पडला आणि दोघंही घरी बसले. मग सहा वर्षं गिरिधरनं या सांगाड्यात जीव ओतला. इंजिन झालं, चाकं झाली, डावा पंख शिवून-रंगवून भिंतीला टेकवला होता. पुढच्या महिन्यात तपासनीस येणार होते. पहिल्या उड्डाणात, ज्यानं विमान दुरुस्त केलं त्यानंच नानाजींच्या शेजारी बसायचं, असा रिवाज. त्यासाठी गिरिधरनं पांढरा शर्ट इस्त्री करून ठेवला होता. उरलं होतं फक्त उजव्या पंखावर कापड चढवणं. कापडाची शिवण जयवंताची. लांब सुई, मेणाचा दोरा, दर दोन बोटांवर गाठ. अख्ख्या नागपुरात ती गाठ मारणारी आता आपण एकटीच उरलो, याचा तिला थोडा तोराही होता.

कापड चढवण्याआधी लाकूड ऐकून घ्यायचं, हा गिरिधरच्या उस्तादाचा नेम. पंखाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लाकडी वासा जातो, सगळा भार त्याच्यावर. त्याच्यावर नाण्यानं टकटक करत जायचं. निरोगी लाकूड खणखणतं, आतून कुजलेलं बद्द वाजतं. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात.

"पाह्य, कसं वाजून राहिलं," गिरिधर ओरडला. कूलरच्या घरघरीवर आवाज चढवायची सवय.

टण, टण, टण. मग बद्द. बद्द, बद्द. मग पुन्हा टण.

नाणं थांबलं नाही. गिरिधरनं टोकाला खडूनं बरोबरची खूण केली आणि कापड चिकटवायचा सरस ढवळायला घेतला.

जयवंतानं दोरा खाली ठेवला. नवरा हाकेला ओ देत नाही म्हणून कोणती बायको डॉक्टरकडे धावते? असे नवरे त्यांच्या नंदनवन वस्तीत घरोघरी आहेत. कुकरच्या शिट्ट्या ती मोजायची, फोन ती उचलायची, आणि तो हसून मान डोलवायचा. चाळीस वर्षं चालू इंजिनांशेजारी उभा राहिलेला माणूस. सगळं तिच्या डोळ्यांसमोर होतं, पण विचारायची हिंमत तिला कधी झाली नाही.

ती उठली आणि तिनं बद्द वाजलेल्या जागेवर बोट ठेवलं. "अहो, इथं नाही वाजत."

तो ढवळतच राहिला. तिनं त्याची बाही धरून त्याला आपल्याकडे वळवलं आणि पुन्हा तेच सांगितलं.

"वाजते तं," तो म्हणाला आणि नाण्यानं दोनदा हाणलं. बद्द, बद्द. मग तो तिला समजावू लागला. हे परदेशी लाकूड, असं आता शोधूनही मिळायचं नाही, अंगावरचं लेकरू जपावं तसं जपलं आहे. पहिल्या पावसाळ्यात तेवढा पत्रा गळला होता, दोनच दिवस, बरोबर याच जागेवर. एवढं बोलला आणि स्वतःच थांबला.

"तुमाले ऐकू येते का?" जयवंतानं विचारलं. "खरं सांगा."

तो तिच्या ओठांकडे पाहत होता.

"तुयं तोंड दिसते तवा येते," तो म्हणाला.

तिला हंबरडा फोडावासा वाटला. त्याऐवजी तिची नजर भिंतीशी गेली. डाव्या पंखाचं लाकूडही याच कानांनी ऐकलं होतं, आणि तिनं ते शेकडो गाठी मारून आत बंद केलं होतं. एकही गाठ सैल नव्हती. गिरिधरनंही तिकडे पाहिलं.

 मग त्यानं खिशातून स्क्रू पिळायचा लांब पेचकस काढला. चालू इंजिनाच्या पोटात काय बिघडलं ते कळेना, की मेकॅनिक पेचकसाचं टोक इंजिनावर ठेवतो आणि मूठ कानामागच्या हाडाला लावतो. कान दगा देतात, हाड देत नाही. त्यानं नाणं जयवंताच्या हातात दिलं, पेचकस वाशाच्या टोकाशी टेकवला आणि तिला हाणायला खुणावलं.

तिनं हाणलं. टण.

गिरिधरचा चेहरा उजळला. कित्येक वर्षांत तिनं तो असा पाहिला नव्हता. "आलं," तो म्हणाला. "आलं वं."

मग तिनं दाखवली होती त्या जागेवर त्यानं पेचकस सरकवला, मूठ हाडावर घट्ट दाबली आणि डोळे मिटून घेतले. "आता इथं हाण."

तो वाट पाहत राहिला. हनुवटीवरून घामाचा थेंब लाकडावर पडला.

"हाण ना वं," तो डोळे न उघडता म्हणाला. "काहून थांबली?"

जयवंता हाणतच होती.